पिंपातला सूर्यास्त

सेसिनांदो आल्काराझ यांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस दुधाच्या डब्यांवरून झालेल्या भांडणात गेला.

भांडण जुनंच होतं. तळ्याकाठच्या त्या गावात दरवर्षी पवित्र आठवड्यात सिनाकुलो, म्हणजे येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक, उघड्यावर मंच बांधून होत असे, आणि त्याचे दिवे सेसिनांदो घरी बनवत. दूध पावडरचा मोठा डबा घ्यायचा, मागून भोक पाडून आत बल्ब बसवायचा, तोंडाला नाताळच्या चांदणीचा जिलेटीन कागद तारेने आवळायचा, की झाला दिवा. डबा आतून आरशासारखा चकचकीत असतो. सेसिनांदोंच्या मते दूध कंपन्यांनी ही सोय खास त्यांच्यासाठीच केलेली होती. त्यामुळे गावात कुणाला दिवस गेले की सगळ्यात जास्त आनंद त्यांना होई. बाकीचे लोक "मुलगा की मुलगी?" असं विचारत. सेसिनांदो विचारत, "अंगावर पाजणार की डब्याचं?"

त्या दिवशी हा प्रश्न त्यांनी नव्या शाळामास्तरांच्या नुकत्याच बाळंत झालेल्या बायकोला विचारला, आणि मास्तर तक्रार घेऊन थेट नगर वाचनालयात आले. तिथे सेसिनांदोंची मुलगी अंपारो ग्रंथपाल होती. पन्नाशीला आलेली, अविवाहित, शिस्तीची बाई. वाचनालयात चार माणसांदेखत वडिलांच्या वतीने माफी मागावी लागल्यामुळे ती घरी आली ती तोंड मिटूनच, पण चपला काढता काढता ते उघडलं.

"तातय, तुम्ही पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ आहात. लोकांच्या बाळांच्या दुधावर नजर ठेवणं शोभतं का तुम्हाला?"

"दुधावर नाही गं, अंपिंग. डब्यावर."

"त्यांना काय वाटलं असेल?"

"काय वाटायचंय? तुझ्या बाळाचा डबा येशूच्या डोक्यावर लागेल, असं सांगितलं मी तिला. कुठल्या आईला नको असेल?"

तिने भात टाकला. त्यांच्या ताटात नेहमीप्रमाणे बिनमिठाचा मासा होता. रक्तदाबापायी डॉक्टरांनी मीठ तोडलं त्याला आता बरीच वर्षं झाली होती, आणि सेसिनांदो तो मासा, आपण न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगावी, तसे खात.

जेवण झाल्यावर त्यांनी परसातून हाक मारली. परसात त्यांचं निळं प्लास्टिकचं पिंप होतं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली आणि कुणालाच न समजलेली अशी ती वस्तू. पिंपात मिठाचं पाणी, तळाशी एक लोखंडी पत्रा, आणि वर कप्पीवरून दोरीने सोडलेला दुसरा पत्रा. दोन्हींना तारा. वरचा पत्रा खाली सोडला की दिवे उजळत, वर ओढला की मंदावत. शहरात यासाठी बटणांच्या पेट्या मिळतात. सेसिनांदोंनी एकदा तशी पेटी पाहिली होती आणि म्हणाले होते, "ही दिवा विझवते. सूर्य मावळवत नाही."

"ये, चव बघ," ते म्हणाले. तारा सोडवून दूर ठेवलेल्या होत्या. त्या बाबतीत ते फार कडक होते. अंपारो वाचत असलेल्या पुस्तकात एक बोट तसंच अडकवून आली, दुसरं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, "पुरे."

मग रबरी बूट चढवून आणि तारा जोडून ते लाकडी स्टुलावर बसले, आणि डावा हात, विजेपासून लांब राहावा म्हणून, पाठीमागे धरून उजव्या हाताने दोरी ओढू लागले. मागच्या भिंतीवर दिव्यांची दुपार होती. तिची हळूहळू तिन्हीसांज झाली. कुंपणापलीकडे त्यांच्या बहिणीची बदकं कलकलाट करत होती ती एकेक करून गप्प झाली. बदकं फसली की सेसिनांदोंचा प्रयोग यशस्वी. माणसांच्या मताला ते तेवढी किंमत देत नसत.

एका माणसाच्या सोडून.

"कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय," अंपारो म्हणाली आणि पुस्तक उघडत आत गेली.

सकाळी कॉफी गार झाली तरी ते उठले नाहीत. त्या सकाळबद्दल याहून जास्त अंपारो कुणाला सांगत नाही.

घरात शव असताना कसं वागायचं, याचं सगळं शास्त्र सेसिनांदोंची धाकटी बहीण, अंपारोची आत्या तिया बेबांग हिच्या जिभेवर होतं. केर काढायचा नाही. घरात अंघोळ करायची नाही. आलेल्याला दारापर्यंत पोचवायला जायचं नाही. आणि आरसे झाकायचे.

"आरसेच असं नाही. चकाकतं ते सगळं," तिया म्हणाली. "गेलेल्याला आपलं रूप दिसलं तर तो घुटमळतो. जात नाही."

घुटमळू दे की, असं अंपारोच्या मनात आलं. तियाने मग न्हाणीघरातला आरसा झाकला, कपाटाची काच झाकली, स्टीलचं ताट उलटं केलं, आणि परसात फळीवर ओळीने मांडलेल्या डब्यांच्या दिव्यांत, कागदाआड, एकेक करून सेसिनांदोंचे जुने रुमाल कोंबले. या कामात तिला फार समाधान मिळत होतं, म्हणून कुणी तिला हटकलं नाही. दफन झाल्यावर आरसे उघडले. डब्यांची आठवण कुणालाच राहिली नाही.

रोजच्या प्रार्थनांच्या दिवसांत एकदा गावप्रमुख कॅप्टन देल्फिन भाताची खीर खाऊन झाल्यावर खाकरले. दुःखाच्या घरी व्यवहाराचं बोलायचं तर आधी किती खाकरावं, याचा त्यांना अंदाज होता.

"अंपिंग, दिव्यांचं काय करायचं? मी म्हणतो, या वर्षी शहरातून भाड्याने आणू. कॉम्प्युटरवर चालतात. सगळे रंग आहेत. नाचतातसुद्धा."

"येशू क्रूसावर असताना नाचणारे दिवे, कॅप्टन?"

"मंद नाचतील."

अंपारोने आजवर घरातला साधा फ्यूजही बदलला नव्हता. पण त्या गुड फ्रायडेला येशूने प्राण सोडल्यावर गावावर जो अंधार उतरायचा, तो भाड्याने आलेला असणार, हे तिला एकदम सहन होईना. आणखी एकदा. तातयचा अंधार आणखी एकदा पडायला हवा. ती म्हणाली, "दिवे घरचेच लागतील. मी बघते."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिच्या घराची चावडी झाली.

पहिले आले शेजारचे कुलासकाका, गावाच्या बोलीत मांग कुलास. हे पूर्वी विजेचे मीटर वाचायला घरोघर हिंडत, त्यामुळे विजेतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. वैद्याकडची औषधाची पुडी पोचवणाऱ्याला आपण वैद्य आहोत असं वाटावं, तसा. नाटकात ते येशूला दगा देऊन शेवटी फास लावून घेणारा जुदास होत. इतक्या वर्षांपासून होत की बाजारात त्यांना कुणी उधार देत नसे.

"माझ्यावर विश्वास ठेव," ते अंपारोला म्हणाले.

दुसरे येशू आले. येशूचं काम करणारा नेस्तोर औषधांच्या दुकानात होता. त्याने ती दोरी, त्या तारा, ते पिंप नीट पाहून घेतलं आणि हळूच विचारलं, "ताई, माझ्या क्रूसात वीज येणार नाही ना?" मग कुणी सांगितलं डब्यांना आतून सोनेरी रंग दे, कुणी म्हणालं डबे कसले, सरळ मोटारीचे दिवे लाव. मास्तरांच्या बायकोने मात्र एक रिकामा डबा स्वच्छ धुऊन आणून दिला. अंपारोने तो क्रूसावरच्या दिव्यासाठी बाजूला काढून ठेवला.

त्यानंतर परवानगी. मंचासाठी तात्पुरती वीज घ्यायची तर वीज कचेरीत अर्ज करावा लागे. सेसिनांदो हे कसं जमवत ते देव जाणे. बहुधा खिडकीतल्या माणसाला तियाची खारवलेली, वरून लाल रंगवलेली बदकाची अंडी नेऊन देत. आता खिडकीत नवा तरुण होता आणि तो नियमाने चालणारा होता.

"उपकरणाचं नाव?"

"पिंप."

त्याने मान वर करून पाहिलं. "बनावट कुठली?"

"घरची."

"बाई, उत्पादकाचं प्रमाणपत्र लागतं. ज्याने बनवलं त्याची सही."

"ज्यांनी बनवलं ते वारले."

तरुणाने नियमांचं पुस्तक चाळलं. अशा प्रसंगासाठी त्यात काही नव्हतं. पण सरकारी माणसाला मोकळी जागा पाहवत नाही. "मग त्यांच्या मृत्यूचा दाखला जोडा," तो म्हणाला.

दाखला तिच्या पिशवीतच होता. पेन्शनच्या कामासाठी आणला होता, पण पेन्शनच्या खिडकीवर तिला तो पिशवीबाहेर काढताच आला नव्हता. इथे तिने काढला. तरुणाने तो पिंपाच्या अर्जाला टाचला आणि वर शिक्का मारला, 'उपकरण योग्य.' दारात आल्यावर तिला हसू फुटलं. ते हसू वाटेत कुठेतरी बदललं, म्हणून ती मोठा रस्ता सोडून तळ्याच्या बाजूने घरी गेली.

रंगीत तालमीचा दिवस उजाडला. पिंप उचलायला चार माणसं लागली, कारण ते आठवणीपेक्षा जड निघालं. मांग कुलास म्हणाले, "पाणी मुरतं ना, त्याने वजन वाढतं." दोरी झाकणाच्या भोकातूनच वर येत होती, म्हणून ते झाकणासकट मंचामागे आलं. अंपारोने वडिलांचे रबरी बूट घातले. ते तिला इतके मोठे होत होते की पाऊल उचललं तरी बूट जागेवरच राहत. डावा हात पाठीमागे धरून ती स्टुलावर बसली.

पहिला अंक गालील सरोवराचा. मांग कुलासांनी तारा जोडल्या, दिवे लागले, आणि थोड्याच वेळात सरोवरावर धुकं पसरलं. कॅप्टनना ते फार आवडलं. सेसिनांदोंना गाव सेसिंग म्हणे. "वा! सेसिंगने हे कधी नव्हतं केलं!" मग धुक्याला जळक्या कापडाचा वास येऊ लागला आणि संत पेत्र ओरडला, "अहो, डब्यातून जाळ येतोय!" वीज बंद केली. प्रत्येक जुन्या डब्यातून एकेक रुमाल निघाला. कडा करपलेल्या. एकाच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने काढलेलं 'से' होतं. अंपारोच्या आईच्या हातचं. अंपारोने तो खिशात घातला.

शेवटच्या भोजनाच्या वेळी वेगळाच वास आला. तेरा जण मेजावर बसलेले, आणि मंचामागून उकडलेल्या अंड्यांचा घमघमाट. पिंपाच्या झाकणाखालून वाफा निघत होत्या. पाण्यातून वीज गेली की ते तापतं, हे अंपारोला ठाऊक होतं. पण त्याला न्याहारीचा वास का यावा, हे कळेना.

आणि मग क्रूस. नेस्तोरने मान टाकली. ही सेसिनांदोंची घडी. अंपारोने दोरी ओढायला सुरुवात केली. हळू, अगदी तातय ओढत तशी. काही झालं नाही. आणखी ओढली. क्रूसावर रणरणती दुपार होती ती दुपारच राहिली. येशू मेला होता, आई रडत होती, शिपाई पळत होते, आणि ऊन मात्र कपडे वाळत घालावेत असं कडक.

"कॅप्टन," क्रूसावरून नेस्तोरने एक डोळा उघडून विचारलं, "मी मेलेलाच राहू, का थांबू जरा?"

अंपारोने घाबरून दोरीला हिसका दिला. पत्रा पाण्याबाहेर आला आणि दिवे फट्‌दिशी गेले. काळोखात कुणीतरी खदखदून हसलं. मग सगळेच हसले.

कॅप्टन मागे आले. त्यांनी रागावून बोलायला हवं होतं. ते मायेने बोलले, आणि ते जास्त लागलं. "अंपिंग, तू केलंस ते पुष्कळ केलंस. शुक्रवारी दुपारी मला दाखव एकदा. नाही जमलं तर शहरातली गाडी बोलावतो. सेसिंगचं हसं झालेलं मलाही नको आहे."

वीज तोडून, तारा सोडवून त्यांनी झाकण काढलं. पाण्यावर बदकांची अंडी तरंगत होती. गंजाच्या रंगाची, अर्धी उकडलेली. काही फुटलेली.

कुणीही काही विचारायच्या आधी तिया बेबांग रडायलाच लागली.

"मला काय ठाऊक! खारं पाणी, झाकण, वर दाबायला पत्रा... मला वाटलं, दादाने अंडी खारवायलाच भिजवून ठेवलंय. मीठ कमी होतं म्हणून मी आणखी घातलं. चांगलं पोतंभर घातलं. जाता जाता बहिणीची सोय करून गेला, असं वाटलं गं मला."

अंपारोने रागाची चांगली मोठी तयारी केली होती. ती सगळी वाया गेली. ती म्हणाली, "रडू नका, तिया. अंडी तरी झाली."

"याला लोखंडाचा वास येतोय," मांग कुलास एक अंडं हुंगून म्हणाले.

"लाल रंगवली की कुणाला कळतंय!" तिया डोळे पुसत म्हणाली.

मिठामुळेच पाण्यातून वीज वाहते; ते फार झालं म्हणून दुपार हटत नव्हती, एवढं आता उघड होतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी पिंप ओतून घासलं आणि नवं पाणी भरलं. प्रश्न एवढाच उरला, की मीठ किती? सेसिनांदोंनी ते कुठे लिहिलेलं नव्हतं. तारा दूर गुंडाळून ठेवल्या आणि सगळी गल्ली पिंपाभोवती बोटं बुडवायला जमली. स्वयंपाकाला बसल्यासारखी.

"चिंचेच्या कढीइतकं खारट हवं," तिया म्हणाली.

"छे, पेजेइतकं," मांग कुलास म्हणाले. "सेसिंग पेजवाला माणूस."

"त्याला मीठ वर्ज्य होतं. त्याला कुठली चव कळायला?" तिसरं कुणीतरी बोललं.

अंपारो बाजूला उभी होती. ते वाक्य ऐकलं आणि तिच्या हातातली मिठाची पिशवी खाली झाली. खरंच की. त्यांना कुठली चव कळायला! डॉक्टरांनी मीठ तोडल्यापासून आपल्या जिभेवर त्यांचा भरवसाच उरला नव्हता. चव तीच बघत होती. दरवर्षी, पुस्तकात बोट अडकवून, मनाने दुसरीकडे असताना. तिला वाटे, म्हातारा माणूस उगाच हाका मारतो. आणि गावचा सूर्य इतकी वर्षं तिच्या "पुरे"वर मावळत होता.

"सरा जरा," ती म्हणाली.

ती मूठ टाके, फळीने ढवळे, चाखे. पुन्हा मूठ. एका चाखण्याला तिची जीभ मनाच्या आधीच बोलली.

"पुरे."

आणि तिने मान वर केली. तातयचा पुढचा प्रश्न ऐकायला. तिथे मांग कुलास उभे होते. ते मान खाली घालून उगाच एक तार सरळ करू लागले.

दुपारी कॅप्टननी मंचामागच्या खोलीची खिडक्यादारं लावून पाहिलं, आणि शहरातल्या गाडीला नको म्हणून कळवलं. तोंडाने म्हणाले एवढंच, "चालेल." पण बाहेर पडताना त्यांनी टोपी काढली होती.

दिवस बुडाल्यावर नाटक उभं राहिलं. सगळं सुरळीत झालं असं म्हणवत नाही. सेसिनांदोंनी जुन्या कपाटाच्या फळ्यांतून बनवलेल्या कर्ण्याने, येशूला शिक्षा फर्मावणाऱ्या पिलातच्या तोंडी मध्येच शेजारच्या गावचा रेडिओ घातला, आणि पिलातने हात धुतले तेव्हा डुकरांचे बाजारभाव ऐकू आले. मास्तरांच्या बाळाचा डबा बरोबर क्रूसाच्या वर होता. बाळ पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर झोपलं होतं. मांग कुलास फाशी घेऊन मोकळे झाले होते आणि गळ्यात दोरी तशीच ठेवून पिंपाजवळ पहाऱ्याला बसले होते. तिया मंचामागे एका मोठ्या पत्र्याशी उभी होती. टांगलेला तो पत्रा हलवला की ढग गडगडत. भावाच्या हातचं हे काम तिने कुणाला मागितलं नव्हतं; ती सरळ येऊन उभी राहिली होती.

नेस्तोरची मान खाली गेली.

अंपारो स्टुलावर बसली होती. पायात ते बूट, आत बोळे कोंबून बसवलेले. खिशात करपलेला रुमाल. डावा हात पाठीमागे. तिने दोरी ओढली, आणि दुपार हलली.

आधी फक्त कडा गेल्या. मग शिपायांच्या भाल्यांवरचं ऊन पिवळं झालं, मग तांबूस, मग तळ्यावर असतं तसं, रंग सांगता येऊ नये असं. सगळ्यांचे चेहरे मागे गेले आणि एक येशूच्या आईचा तेवढा राहिला. अंपारोच्या हाताला दोरीतून पाण्याचं वजन लागत होतं. हेच वजन तातयच्या हाताला लागत असेल. तियाचे ढग लांबून गडगडले.

मैदानापलीकडे, अंपारोच्या घराच्या कुंपणालगत, तियाच्या बदकांचं खुराडं होतं. दिवे लागल्यापासून तिकडे कलकलाट चालला होता. तो एकीकडून कमी होत आला. शेवटचं एक बदक काहीतरी बडबडलं, आणि तेही गप्प झालं.

दोरी संपली. अंधार पूर्ण झाला होता आणि त्याला कुठेही कड नव्हती.

या ठिकाणी तातय विचारत, "कसं दिसतंय?" अंपारो त्या काळोखात थांबली. मांग कुलासांचा श्वास तिला ऐकू येत होता, पाण्यातून निघणाऱ्या वाफेची ऊब हाताला लागत होती. कुणी विचारलं नाही.

"सुंदर दिसतंय, तातय," ती मोठ्याने म्हणाली. "फार सुंदर दिसतंय."